राखणदाराचं मत

"पहिलो थेंब हय घाला," अप्पा परब म्हणाले आणि काठीच्या टोकानं त्यांनी दगड दाखवला.

शाळेच्या मागं सातविणीचं झाड होतं, त्याच्याखाली तो दगड अर्धा जमिनीत रुतलेला होता. काळा, तेल पिऊन गुळगुळीत झालेला. जवळच विहीर होती. विहिरीला कठडा नव्हता. गवत वाढत वाढत काठापर्यंत गेलं होतं आणि तिथं जमीन एकदम संपत होती.

माझ्या हातात शाईची बाटली होती, मतदाराच्या बोटाला लावायची. निळेखोलच्या ग्रामपंचायतीची निवडणूक होती आणि मला तालुक्याच्या हायस्कुलातून तिथं कामाला धाडलं होतं. शाळेत मी मराठी शिकवायचो आणि ग्रंथालय सांभाळायचो. लोकांपेक्षा कपाटांशी माझं जास्त जमायचं. हे ओळखून आमचे केंद्राध्यक्ष मोंडकरसाहेब होडीतच म्हणाले होते, "मास्तर, तुम्ही शाई लावा. त्यात तोंड उघडावं लागत नाही."

आता मी त्यांच्याकडे पाहिलं. दगडाला शाई लावणं नियमात बसतं की नाही, हे मला ठरवता येईना. तसं मला कुठलीच गोष्ट पटकन ठरवता येत नाही.

"घाला हो," मोंडकरसाहेब म्हणाले. "एका थेंबानं सरकार बुडत नाही. फक्त त्याला मतपत्रिका द्यायला सांगू नका."

कुणी हसलं नाही. आमच्याभोवती गावातली बरीच माणसं उभी होती, सकाळी आठच्या आधीच, आंघोळी करून, धुतलेले कपडे घालून.

"मतपत्रिका तेका लागणा नाय," अप्पा शांतपणे म्हणाले. ते गावचे मुख्य मानकरी, सत्तरीचे, अंगानं किडकिडीत. आवाज चढवलेला मी त्यांना दिवसभरात ऐकला नाही. "तो आपला मत पेटयेत जावन घालता."

मी वाकलो. काडी बुडवून दगडाच्या माथ्यावर टेकवली. शाईचा थेंब आधी जांभळा दिसला, मग माझ्या डोळ्यांदेखत काळा पडत गेला. मागं कुणीतरी पुटपुटलं, "व्हय म्हाराजा," आणि सगळ्यांनी तेच म्हटलं.

शाळेची एकच खोली होती. उमेदवारांच्या प्रतिनिधींसाठी बाक ठेवला होता, त्याच्या शेजारी एक रिकामी खुर्ची. खुर्चीवर घडी घातलेली घोंगडी आणि तिला टेकून एक काठी. मोंडकरसाहेबांनी ती बाजूला करायला शिपायाला सांगितलं, पण शिपाई त्याच गावचा. तो खुर्चीकडे गेलाच नाही, दाराशी जाऊन उभा राहिला.

"राहू दे," साहेब म्हणाले. "जागा आहे भरपूर."

मतदान सुरू झालं. पहिला अधिकारी नाव मोठ्यानं वाचायचा, मग ते माणूस माझ्याकडे यायचं, डावा हात पुढं करायचं. मी बोट धरायचो, काडीनं नखाच्या मुळाशी रेघ ओढायचो. मान वर करायची मला गरज नव्हती आणि मी ती केलीही नाही. थोड्या वेळानं मला नुसते हात ओळखू यायला लागले. हा जाळी विणणारा, दोरीनं कापलेला. ही शेणात हात घालणारी. हा माडावर चढणारा, तळव्याचं कातडं झालेला. एवढी माणसं येऊन गेली, पण खोलीत कुजबूज नव्हती. रांगेत कुणी कुणाची चेष्टा करत नव्हतं, कुणी तंबाखू मागत नव्हतं. दारातून एकामागून एक हात येत होते, इतकंच.

दुपारी रांग ओसरली. बाकावर एकटा लवू टेलर उरला होता. तो दोन उमेदवारांपैकी एक, चिन्ह छत्री. दुसरा अप्पांचा पुतण्या वसंत परब, चिन्ह कपबशी. वसंत जेवायला घरी गेला होता.

"सायबानु," लवू मोंडकरसाहेबांना म्हणाला, "तुमची कॉलर आत घेवक होयी. बाजूक पळता."

"निवडून आलात की घ्या आत."

"मी निवडान येवक उभो नाय. मी पडूक उभो आसंय."

साहेबांनी डबा बाजूला ठेवला. "म्हणजे?"

लवूनं दाराकडे पाहिलं. मग त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. निळेखोलात कोण निवडून यायचं ते देवीचा कौल ठरवतो, तो म्हणाला. सोमा गुरव देवीला ओल्या पाकळ्या लावतो, अप्पा नाव उच्चारतात, उजवी पाकळी आधी पडली की ते नाव पक्कं. मग सगळं गाव त्यालाच मत देतं. आजवर परबांच्याच घरातलं नाव पक्कं झालं होतं.

"मग तुम्ही कशाला उभे? बिनविरोध करायचं. आम्हाला खाडी ओलांडून यावं लागलं नसतं."

"ता जमणा नाय. बिनविरोध झाला तर मतदान नाय. मतदान नाय तर राखणदारान मत खय घालूचा?"

"राखणदार म्हणजे तो मागचा दगड?"

"गावाची राखण तो करता. दगड तेची बसूची जागा, आज ती खुर्ची. तो कौलाच्या भायर. गाव एका बाजूक, तो दुसऱ्या बाजूक. दरवेळी समोरच्याक एक मत निघता. एकच. गेल्या वेळी न्हावी उभो होतो, तेकाय एकच."

"शिक्का मारताना चुकत असेल कुणीतरी."

"दरवेळी एकच माणूस चुकता?"

साहेबांनी डबा पुन्हा पुढ्यात ओढला. मी माझ्या काडीकडे बघत होतो. विचारू की नको असं बराच वेळ चाललं होतं माझं, आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमचं स्वतःचं मत कुणाला?"

"कपबशीक," लवू म्हणाला. "कौल झालो ना, मास्तरानु."

मग थोडा वेळ तो आपल्या नखावरची शाई अंगठ्यानं घासत बसला. ती जात नव्हती.

"मी एकदा बोललंय गावकीत," तो म्हणाला. "ह्या विहिरीक कठडो बांधूया. द्वारकीचा चेडू गेला थय, गेल्या दिवाळीत. मंदा. दुसरीत होता. ह्याच खोलयेत शिका होता."

"मग कठडा का नाही बांधला?"

"विहीर तेची. राती तो थय पाणी पिता. कठडो घातलो तर तेची वाट अडता."

"आणि मुलगी?"

"तेना नेली, म्हणतत." लवूचा आवाज अगदी सपाट होता. "एकदा बोललंय, परत बोलूक नाय. कौल मोडणाऱ्याक गावात पाणी बंद, आग बंद, खांदो बंद. मेल्यावर उचलूक चार माणसा येणत नाय. माझ्या आवशीचा वय झालेला आसा, तिका खांदो कोण देतलो?"

बाहेर वसंतच्या वहाणा वाजल्या. लवू लगेच बाकावर सरळ बसला आणि मोठ्यानं म्हणाला, "ऊन बरा पडला आज."

दुपारनंतर बायकांची रांग लागली. नाव वाचलं गेलं, "द्वारका गणेश धुरी." माझ्या पुढ्यात एक हात आला. मनगटावर तुळशीच्या पानाचं गोंदण, हिरवट, थोडं पसरलेलं. बोट धरलं तर गार होतं आणि थरथरत होतं. मी रेघ ओढली. शाई वाळायला थोडा वेळ लागतो, तेवढा वेळ बोट धरून ठेवायचं असतं.

"मास्तरानु," आवाज इतका हळू होता की पलीकडच्या अधिकाऱ्याला ऐकू गेला नसेल. "कागद कोणाचो, ता कोणाक कळता काय?"

"नाही," मी म्हणालो. "कुणालाच कळत नाही."

तिचं शाई लावलेलं बोट माझ्या हातातच होतं. ते थोडंसं वळलं, खुर्चीच्या दिशेनं.

"तेका?"

मला आठवतं, घोंगडीच्या घडीवर त्या वेळी खिडकीतून ऊन पडलं होतं आणि बरोबर मध्ये खळगा दिसत होता, कुणी बसून उठल्यासारखा. घोंगडी जाड असली की घडीला खळगा पडतोच. हे मला तेव्हाही कळत होतं.

"त्यालाही नाही," मी म्हणालो.

कुठल्या अधिकारात म्हणालो, मला माहीत नाही. हात माझ्या हातातून सुटला.

चारला मतदान संपलं. मोजणी तिथंच उरकायची होती. साहेबांनी पेटीचं सील तोडलं, मतपत्रिका टेबलावर ओतल्या. अप्पा, वसंत, लवू आणि सोमा गुरव असे चौघे समोर उभे राहिले. सोमा पन्नाशीचा, ठेंगणा, कपाळावर गंधाचा टिळा. तो खाली बघत उभा होता. खिडक्यांबाहेर गाव उभं होतं. साहेब एकेक कागद उलगडत म्हणत होते, "कपबशी. कपबशी. कपबशी." सूर लागल्यासारखं झालं होतं.

मध्येच ते म्हणाले, "छत्री."

अप्पांनी मान लववून त्या कागदाला हात जोडले. खिडकीबाहेरच्यांनीही जोडले. एखादा मोठा माणूस ठरल्या वेळेला आला, असं सगळ्यांच्या चेहऱ्यांवर होतं.

मग पुन्हा कपबशी, कपबशी. ढीग संपत आला. शेवटचे मोजके कागद राहिले असताना साहेब थांबले. त्यांनी चष्मा वर केला आणि कागद जवळ धरला.

"छत्री," ते म्हणाले. "दुसरी."

बाहेर कुणाचा तरी श्वास मोठ्यानं आत गेला. लवू आईची शपथ घेत म्हणाला, "मी नाय. मी कपबशीक मारलंय. आवशीची आण." कुणी त्याच्याकडे पाहिलंही नाही. अप्पांनी पुढं होऊन तो कागद उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. मागून पाहिला, पुढून पाहिला. छत्रीवर शिक्का व्यवस्थित उमटला होता, जराही न हललेला. भिणाऱ्या माणसाचा वाटत नव्हता.

"अप्पा, कागद खाली ठेवा," साहेब म्हणाले. "तो आता सरकारचा आहे."

अप्पांनी तो ठेवला. "एक तेचा," ते म्हणाले. "दुसरा कोणाचा?"

"ते कुणालाच विचारता येत नाही. वसंतराव निवडून आले, अभिनंदन करा आणि आम्हाला सोडा."

"भरती येवक वेळ आसा. तोपर्यंत होडी सुटणा नाय." अप्पा माझ्याकडे वळले. "मास्तरानु, तुम्ही देवळात येवा. गावातल्या सगळ्यांचे हात तुम्ही धरल्यात."

मी साहेबांकडे बघितलं. त्यांना पेटी सोडून हलता येत नव्हतं. त्यांनी मला जवळ बोलावून हलक्या आवाजात सांगितलं, "जा. भांडू नका, काही कबूल करू नका. होडीवाला त्यांचा आहे."

देवळाची वाट सातविणीखालून जाते. अप्पा पुढं होते, मी त्यांच्या मागं, माझ्या मागं सगळं गाव. दगडाशी आलो तेव्हा सहज खाली पाहिलं. सकाळी मी टेकवलेला थेंब वाळून काळा झाला होता. त्याच्या शेजारी दुसरा डाग होता. थेंब नव्हता तो. बोटाचा ठसा होता, कुणीतरी ओली शाई असतानाच दाबलेला. उजेड होता तेवढ्यात मला त्याच्या बारीक रेषासुद्धा दिसल्या.

सकाळी माझा हात दोनदा टेकला असेल का? माझं असं होतं, दाराला कुलूप लावलं की नाही हे बघायला मी निम्म्या वाटेवरून परत जातो. पण काडीला बोटाच्या रेषा नसतात. ठसा आणखी कुणाला दिसू नये म्हणून मी दगडाच्या अगदी कडेनं चाललो, धोतराचा सोगा सुटल्यासारखा करून तिथं थांबलो, आणि मागचे लोक पलीकडून पुढं जाईपर्यंत सोगा खोचत राहिलो.

देऊळ लहान होतं, कौलारू, बाहेर अजून ऊन असलं तरी आत सांज झालेली. समईच्या उजेडात देवीचा मुखवटा नव्हे, नुसती काळी पाषाणमूर्ती. बायका डाव्या बाजूला उभ्या राहिल्या. मी तिकडे पाहिलं नाही.

"देवीक त्रास देवच्या आधी तुमका इचारतंय," अप्पा म्हणाले. ते माझ्याशी अत्यंत आदरानं बोलत होते, त्यामुळेच मी दाराकडे पाहून घेतलं. "कौल मोडणाऱ्याचो हात सरळ रवणा नाय. कोणाचो हात कापा होतो?"

"मी तोंडं पाहिली नाहीत," मी म्हणालो. ते खरं होतं.

"नावा तर ऐकलात."

"ऐकली."

"मग?"

सगळं देऊळ माझ्याकडे बघत होतं. इतक्या माणसांनी एकदम माझ्याकडे बघावं, असं माझ्या आयुष्यात आधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही. वर्गातसुद्धा मी फळ्याकडे तोंड करून शिकवायचो. माझ्या डोळ्यांसमोर ते गोंदण होतं, हिरवं, पसरलेलं. नाव जिभेवर आलं होतं. भीतीनं येतं तसं, बोलून टाकलं की सुटलो असं वाटून.

"माझाच हात कापत होता," मी म्हणालो. "सकाळपासून. मला माणसांची सवय नाही. त्यामुळे दुसऱ्या कुणाचा कापतो ते मला कळलं नाही."

हे सांगताना मी हात पुढं केला. तो कापतच होता. समईच्या उजेडात सगळ्यांना दिसला.

अप्पांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग ते मूर्तीकडे वळले. "सोमा, लाव."

सोमानं दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांवर लावल्या. एवढ्या लहान गोष्टीला त्याला फार वेळ लागला. अप्पांनी गाऱ्हाणं घातलं, "आई, गावात दोन मता फुटली. एक राखणदाराचा, ता आमका मान्य."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"दुसरा जर माणसाचा असात, तर उजवी दी. मग तो माणूस कोण, ता एकेक घर घेवन आमी तुका इचारताव."

"व्हय म्हाराजा."

पाकळ्यांच्या टोकांना पाण्याचे थेंब जमत होते. एक सांडला, दुसरा जमू लागला. बायकांतून कुणाच्या तरी बांगड्या एकदाच वाजल्या. मला वाटलं, आता उजवी हलली. मग वाटलं, डावी. समईची ज्योत सरळ होती, वारा अजिबात नव्हता.

दोन्ही पाकळ्या एकदम सुटल्या. इतक्या बरोबर एका वेळी की खाली पडल्याचा एकच आवाज झाला.

सोमा गुरव एक पाऊल मागं सरकला.

"म्हणजे काय, सोमा?" अप्पांनी विचारलं.

"म्हणजे इचारू नकात," सोमा म्हणाला.

"परत लाव."

"एकदा इचारला. झाला." त्यानं पडलेल्या पाकळ्यांना हात लावला नाही. "दोन्ही तेची आसतीत, अप्पा. आता वाढली आसतीत."

अप्पांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. त्यांच्या डाव्या बोटावर मी सकाळी ओढलेली रेघ होती. ते तिच्याकडे बघत होते. तेवढ्यात खाडीवरून होडीवाल्याची हाक आली. भरती आली होती.

मला होडीपर्यंत सोडायला सोमा आला. साहेब पेटी घेऊन पुढं जाऊन बसले होते, होडीवाला नारळाच्या करवंटीनं आतलं पाणी उपसत होता. सोमा काठावर थांबला.

"मास्तरानु, एक माझा," तो म्हणाला.

"काय?"

"छत्रीचा मत. दरवेळी माझा. माझ्या आधी बापाशीचा."

मी होडीत टाकायला उचललेला पाय खाली घेतला.

"कौल मी लावतंय. पाणी लावतानाच माका कळता खयची पाकळी आधी पडतली. अप्पा समोर उभे असतत. पडूक होयी ती पडता." त्यानं आपले हात पाहिले, एकदा तळवे, एकदा पाठी. "म्हणान एक दिवस तरी हात माझे. मत देताना पडद्याच्या मागे कोण नसता."

"आणि आजचा कौल?"

"आज मी काय्येक करूक नाय. नुसत्यो लावलंय. इतकी वर्सा मीच राखणदार होतंय. आज दोन निघाली आणि वाटला, तो खरोच इलो."

"दगडावर बोट तुम्ही उठवलंत?"

"खयचा बोट?" त्यानं विचारलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की त्याला ठाऊक नाही.

साहेबांनी हाक मारली. सोमानं माझा हात धरला. दिवसभर इतके हात मी धरले होते, माझा कुणी धरला नव्हता.

"दुसरा कोणाचा, तुमका म्हायत आसा," तो म्हणाला. "सांगू नकात. माकाय सांगू नकात. पण माणूस आसा मा?"

"माणूस आहे," मी म्हणालो.

त्यानं माझा हात सोडला आणि मी चढल्यावर होडी पाण्यात ढकलली.

त्यानंतर निळेखोलला माझं जाणं झालं नाही. मोंडकरसाहेब त्या प्रवासात एवढंच म्हणाले, "तुमचा हात खरंच फार कापतो हो मास्तर. पुढच्या वेळी तुम्हाला दुसरं काम देतो." मी निवृत्त झालो, ग्रंथालयाच्या किल्ल्या दिल्या. त्या बाईचं नाव मी कुणालाही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. आयुष्यात एक तरी गोष्ट आपण नीट सांभाळली, असं मला अधूनमधून वाटायचं, आणि असं वाटलं की लगेच शंका यायची.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी तालुक्याच्या एसटी स्टँडवर मी पायरीवर अडखळलो. पिशवीतली पुस्तकं सांडली. एका बाईनं ती गोळा करून दिली. पुस्तकं देणाऱ्या हाताच्या मनगटावर तुळशीचं पान होतं.

मी मान वर केली. केस पिकलेले, चेहरा मी पहिल्यांदाच बघत होतो.

"द्वारकाबाई?"

ती दचकली. मग माझा आवाज तिनं ओळखला असावा. "शाईवाले मास्तर."

आम्ही बाकावर बसलो. तिची गाडी यायला वेळ होता. गावच्या गोष्टी तिनंच सांगितल्या. अप्पा गेले, सोमा गुरवही गेला. विहिरीला कठडा झाला. "लवू टेलर निवडान इलो," ती म्हणाली. "तिसऱ्या खेपेक. आता गावातल्या सगळ्यांच्यो कॉलरी आत घेता."

"कठडा त्यानं बांधला?"

"पयला काम ताच. खालची आळी सगळी चिरे व्हावूक होती. माझ्यान बघवला नाय, मी घरात रवलंय."

मला फार बरं वाटलं. इतकं की मी माझ्या स्वभावाला सोडून बोललो. "त्या दिवशी तुम्ही धीर केलात, म्हणून हे झालं."

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"खयचो धीर?"

"ते मत. दुसरं."

"ता माझा न्हय," द्वारकाबाई म्हणाली.

गाड्यांच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नसेल असं वाटलं. तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश. "माका धीर होवक नाय, मास्तरानु. तुम्ही सांगितलात कोणाक कळणा नाय, पण माझो विश्वास बसलो नाय. ती खुर्ची माझ्याकडे बघी होती. मंदा डोळ्यांसमोर होता, तरीपण मी कपबशीक शिक्को मारलंय. घराकडे येवन तो हात चुलयेत घालूचो वाटलो."

"पण दगडावरचा ठसा?"

"त्या दगडाकडे मी मंदा गेल्यापासून जावक नाय. आजून जाणय नाय."

मी मांडीवरची पुस्तकं पिशवीत सारखी केली.

"तुमका वाटला ता माझा," ती म्हणाली, "म्हणान तुम्ही देवळात माझा नाव घेवक नाय. मी थय बायकांत उभी होतंय. तुमचो हात बघी होतंय. तुमका म्हायत होता माझो हात कापलेलो, आणि तुम्ही सांगूक नाय. तेव्हा माका पटला, खराच कोणाक कळणा नाय." तिनं पदर सारखा केला. "आणि दोन निघालेली. एक आसता तर ता तेचा. दोन म्हटल्यावर कोण तरी माणूस आसा. पुढल्या खेपेक मी छत्रीक मारलंय. त्या खेपेक किती निघाली म्हायत आसा? मोजता मोजता अप्पा खाली बसले."

तिची गाडी लागली. ती उठली, पिशवी खांद्याला अडकवली, आणि जाता जाता वळून तिनं विचारलं, "मग ता कोणाचा होता? तुमका तरी म्हायत आसात."

"नाही," मी म्हणालो.

"बरा झाला," ती म्हणाली आणि गाडीत चढली.

ते सगळे हात मी पुष्कळदा आठवून पाहिले आहेत. दोरीनं कापलेला, शेणाचा, माडावर चढणारा, वसंतचा मऊ, अप्पांचा वाळलेला. त्यांतला एक अजिबात कापला नसणार, म्हणूनच तो माझ्या लक्षात राहिला नाही. मी बोट सोडलं तेव्हा शाई पुरती वाळली नसणार, ती दुसऱ्या बोटाला पुसून तो दगडापाशी गेला आणि तिथं ते बोट टेकवून आला. नवस फेडायला, की माफी मागायला, की आपण येऊन गेलो एवढंच सांगायला, कोण जाणे. कधी कधी आवाज नसलेली ती खोली आठवते, घोंगडीतला खळगा आठवतो, आणि होडीपाशी सोमाला 'माणूस आहे' असं मी इतक्या खात्रीनं सांगितलं ते आठवून माझ्या अंगावर काटा येतो.

आता मी मतदानाला नातवाचा हात धरून जातो. आत मात्र एकटाच जातो. यंदा शाई लावायला एक तरुण मुलगी होती, लाजाळू असावी. तिनं माझं बोट धरलं, रेघ ओढली, वाळेपर्यंत धरून ठेवलं. मान वर करून तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. माझा हात नेहमीसारखा कापत होता. तिचाही कापत होता.